घरी हॉट प्लेटवर एसएमडी बोर्ड सोल्डर करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि अथणी या भागांतील दुरुस्तीवाले, डिप्लोमाचे विद्यार्थी आणि शेतपंपाच्या स्टार्टरसाठी मोबाइलवर चालणारे छोटे बोर्ड स्वतः बनवणारे लोक एसएमडी भागांच्या (पाय छिद्रातून न जाता बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या लहान भागांच्या) सोल्डरिंगबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बिघडलेल्या बोर्डांची चौकशी केली की बहुतेक वेळा दोनच कारणे हाती लागतात: प्लेटवर दिसणारे तापमान हेच बोर्डाचे तापमान समजणे, आणि पावसाळ्यातील ओलीकडे दुर्लक्ष करणे. म्हणून प्रश्न ६ आणि प्रश्न १० यांची उत्तरे मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

१. हॉट प्लेटवर सोल्डरिंग म्हणजे नेमके काय? सोल्डरिंग आयर्नने होत असताना प्लेट कशाला?

सोल्डरची बारीक पूड आणि फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड साफ करणारा पदार्थ) यांचे मिश्रण म्हणजे सोल्डर पेस्ट. ती बोर्डाच्या पॅडवर (भाग जोडण्याच्या तांब्याच्या जागांवर) लावायची, तिच्यावर भाग ठेवायचे आणि संपूर्ण बोर्ड खालून तापवून सर्व सांधे एकाच वेळी वितळवायचे, अशी ही पद्धत आहे. चार-सहा रेझिस्टर लावायचे असतील तर आयर्न पुरेसे आहे. पण चिपच्या पोटाखाली पॅड असेल, किंवा एकाच बोर्डावर पन्नास-साठ भाग असतील, तर आयर्नचे टोक तेथे पोहोचत नाही किंवा वेळ फार जातो, आणि तेव्हा प्लेट उपयोगी पडते.

२. कोणती हॉट प्लेट घ्यावी?

तापमान अंशांत ठरवता येते, पृष्ठभाग सपाट आहे आणि वायरीला तीन पिनांचा प्लग आहे, अशी प्लेट घ्यावी. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या हाताच्या तळव्याएवढ्या प्लेट लहान बोर्डांना पुरतात. २०० × २०० मिमी आकाराची, सुमारे ८०० वॉटची प्लेट मोठ्या बोर्डांना सोयीची असते, मात्र ती सावकाश तापते आणि त्याहून सावकाश थंड होते. पीटीसी प्रकारच्या स्वस्त प्लेटना तापमानाचे बटण नसते. त्या ठरावीक तापमानाला जाऊन स्वतःच थांबतात. अशी प्लेट घेताना ते तापमान आपल्या पेस्टला जुळते का, हे आधी विचारून घ्यावे. प्लेट किंचित वाकलेली असेल तर तिच्यावर ८ ते १० मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा सपाट तुकडा ठेवावा. बेळगावात उद्यमबागेतील एखाद्या मशीन शॉपमध्ये असा तुकडा मिलिंग करून मिळू शकतो आणि त्याने उष्णता सगळीकडे सारखी पसरते.

३. घरातली इस्त्री, तवा किंवा इंडक्शन शेगडी चालेल का?

इस्त्री उलटी करून तिच्यावर बोर्ड तापवणारे लोक आहेत आणि कमी तापमानाच्या पेस्टने ते जमतेही. पण इस्त्रीचा थर्मोस्टॅट बराच वर-खाली होतो आणि उलटी इस्त्री स्थिर बसत नाही, म्हणून आम्ही ती सुचवत नाही. कॉइलच्या शेगडीवर वर सांगितलेला जाड ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवल्यास काम होते. इंडक्शनवर तवा गोलाकार पट्ट्यात जास्त तापतो आणि कमी पॉवरवर शेगडी चालू-बंद होत राहते, त्यामुळे ती टाळावी. साधन कोणतेही असो, एकदा सोल्डरसाठी वापरलेला तवा किंवा भांडे पुन्हा स्वयंपाकात आणायचे नाही.

४. पेस्ट कोणती घ्यावी?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली पेस्ट १८३ अंश सेल्सिअसला वितळते. एसएसी ३०५ नावाची शिसेविरहित पेस्ट ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे यांची असून ती २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते. ४२ टक्के कथील आणि ५८ टक्के बिस्मथ असलेली पेस्ट १३८ अंशांनाच वितळते.

नवशिक्याने घरी शिकायला बिस्मथची पेस्ट घ्यावी, असे आमचे मत आहे. तिच्यात शिसे नाही, प्लेट फार तापवावी लागत नाही आणि बोर्ड करपण्याची भीती कमी असते. तिचे सांधे मात्र ठिसूळ असतात. धक्के बसणाऱ्या, ट्रॅक्टरवर किंवा मोटरीशेजारी राहणाऱ्या, अथवा काम करताना स्वतःच खूप तापणाऱ्या बोर्डाला ती वापरू नये. जुन्या बोर्डाच्या दुरुस्तीत ही पेस्ट वापरण्यापूर्वी प्रश्न २० अवश्य वाचावा. पुडीच्या कणांचा आकार टाइप ३ असेल तर तो २५ ते ४५ मायक्रॉनचा असतो आणि टाइप ४ असेल तर २० ते ३८ मायक्रॉनचा; घरगुती कामाला टाइप ४ योग्य ठरतो.

५. तापमान किती ठेवायचे आणि किती वेळ?

खालील आकडे बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागाचे आहेत, प्लेटच्या पडद्यावरचे नाहीत. शिसे असलेल्या पेस्टसाठी बोर्ड साधारण दीड मिनिटात १५० अंशांपर्यंत न्यावा, नंतर मिनिट-दीड मिनिट १५० ते १८० अंशांच्या दरम्यान ठेवावा, म्हणजे फ्लक्स जागा होऊन पॅडवरचा ऑक्साइड साफ करतो आणि लहान-मोठे भाग सारखे तापतात. मग तापमान २०५ ते २२० अंशांपर्यंत वाढवावे. १८३ अंशांच्या वर बोर्ड एकूण ४५ ते ७५ सेकंद राहिला की पुरे. एसएसी ३०५ साठी शिखर तापमान २३५ ते २५० अंश आणि बिस्मथच्या पेस्टसाठी १६५ ते १८० अंश धरावे. तापमान चढण्याचा वेग सेकंदाला ३ अंशांपेक्षा जास्त नको, कारण झपाट्याने तापल्यास फ्लक्स उकळतो आणि सोल्डरचे थेंब उडतात. पेस्ट बनवणाऱ्याने माहितीपत्रकात दिलेला आलेख वेगळा असेल तर तोच पाळावा.

६. प्लेट २२० अंश दाखवते, पेस्ट १८३ ची आहे, तरी सोल्डर वितळत नाही. प्लेट खराब आहे का?

बहुधा नाही. पडद्यावरचा आकडा प्लेटच्या आत बसवलेल्या सेन्सरचा असतो. तेथून उष्णता प्लेटच्या पृष्ठभागावर, मग बोर्ड आणि प्लेट यांच्यामधील हवेच्या पातळ थरातून बोर्डाच्या खालच्या बाजूला आणि १.६ मिमी जाडीच्या फायबरग्लासमधून वरच्या बाजूला पोहोचते, आणि प्रत्येक टप्प्यावर काही अंश गळतात. बोर्ड किंचित वाकलेला असेल किंवा खालच्या बाजूला एखाद्या पिनेचे टोक बाहेर आलेले असेल, तर फरक आणखी वाढतो. पंख्याचा झोत प्लेटवर येत असेल तर एकच कोपरा थंड राहतो. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात पंखा बंद करणे जिवावर येते, पण निदान त्या चार मिनिटांपुरता तो बंद करावाच.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्यक्ष मोजणे. के-टाइप थर्मोकपल लागणारा मल्टिमीटर घ्यावा. त्याच जाडीचा एक टाकाऊ बोर्ड घेऊन त्याच्या वरच्या तांब्याच्या पॅडवर थर्मोकपलचे टोक सोल्डरच्या बारीक ठिपक्याने किंवा कॅप्टॉन टेपने (उष्णता सहन करणाऱ्या टेपने) पक्के बसवावे. आता प्लेट १०० पासून वीस-वीस अंशांनी वाढवत न्यावी, प्रत्येक टप्प्यावर दोन मिनिटे थांबावे आणि प्लेटचा आकडा व बोर्डाचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहावा. दोन्हींत १५ ते ३० अंशांचा फरक येणे सर्रास आढळते. मध्यभागी आणि चार कोपऱ्यांवर असे पाच ठिकाणी हेच मोजले की आपल्या प्लेटचा नकाशा तयार होतो. तो प्लेटच्या बाजूला चिकटवून ठेवावा.

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर चुकीचा, पुष्कळ कमी आकडा दाखवतो. तेच साधन हाताशी असेल तर ज्या जागी मोजायचे तेथे कॅप्टॉन टेपचा तुकडा लावून त्याच्यावर नेम धरावा.

७. स्टेन्सिल (पॅडच्या जागी छिद्रे असलेला पातळ पत्रा) घ्यावेच लागते का?

०८०५ आणि १२०६ (हे भागांच्या आकाराचे संकेत आहेत) आकाराच्या भागांसाठी सिरिंजमधून सुईने ठिपके दिले तरी चालते. चिपच्या पायांमधील अंतर ०.५ मिमी असेल तर मात्र ०.१ ते ०.१२ मिमी जाडीच्या स्टीलच्या स्टेन्सिलशिवाय पेस्ट सारखी पडत नाही. बोर्डाची ऑर्डर देतानाच ते मागवावे. पेस्ट ओढताना बोर्ड हलू नये म्हणून त्याच जाडीचे जुने बोर्ड भोवती टेपने चिकटवून चौकट करावी, पट्टी सुमारे ४५ ते ६० अंशांत धरावी आणि एकाच दिशेने एकदाच ओढावी. पेस्ट नीट पडली नाही तर वरून ठिगळ न लावता बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) स्वच्छ पुसून पुन्हा सुरुवात करावी.

८. भाग ठेवताना थोडे वाकडे बसले तर बिघडते का?

रेझिस्टर-कपॅसिटर थोडे वाकडे असले तरी चालते, कारण वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्यांना पॅडवर ओढून सरळ करतो. बारीक पायांची चिप मात्र नीट बसवावी, आणि पहिल्या पायाची खूण दोनदा तपासावी. आधी लहान भाग, मग मोठे, या क्रमाने ठेवले तर हाताचा धक्का लागत नाही. शिकताना ०८०५ पेक्षा लहान आकार निवडू नये. ०४०२ चा भाग केवळ १.० × ०.५ मिमीचा असतो.

९. वितळताना काय पाहायचे आणि बोर्ड कधी उचलायचा?

भिंग आणि चांगला उजेड हवा. सुरुवातीला पेस्ट राखाडी आणि कोरडी दिसते. १५० अंशांच्या आसपास तिच्या कडा ढिल्या पडतात, ठिपका किंचित पसरतो आणि भोवती फ्लक्सचे पारदर्शक कडे दिसू लागते. यानंतर काही काळ वरवर काहीच घडत नाही, आणि उतावळेपणाने तापमान वाढवले जाते ते याच वेळी. मग एखाद्या लहान पॅडवरचा राखाडी रंग अचानक जाऊन तेथे आरशासारखी चकाकी येते, भाग सूक्ष्म हालचाल करून जागेवर बसतो आणि ही चकाकी एका पॅडवरून दुसऱ्यावर सरकत जाते. ग्राउंडच्या (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या) मोठ्या तांब्याला जोडलेले पॅड सर्वांत शेवटी वितळतात. त्यामुळे पहिल्या चकाकीवर न थांबता शेवटचा पॅड चमकल्यानंतर आणखी १५ ते २० सेकंद मोजावीत.

मोठी प्लेट बंद केली तरी बराच वेळ गरम राहते, म्हणून बोर्ड तिच्यावर तसाच सोडू नये. सुरुवातीलाच बोर्डाखाली १ मिमी जाडीचा, एक कड वाकवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला की ती कड पकडीत धरून पत्र्यासह बोर्ड अलगद बाजूच्या लाकडी फळीवर सरकवता येतो. सोल्डर अजून द्रव असतो, त्यामुळे झटका बसला तर भाग सरकतात. फुंकर घालू नये आणि ओल्या कापडावर ठेवू नये.

१०. पावसाळ्यातच बोर्ड जास्त का बिघडतात? चिप फुगते, एलईडी काम करत नाहीत.

चिपचे काळे प्लास्टिक हवेतील बाष्प शोषून घेते. बोर्ड २०० अंशांच्या वर गेला की त्या बाष्पाची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि चिप आतून फुगते किंवा तडकते. कधी आवाज येतो, पण पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतील तार मात्र तुटलेली असते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या घाटालगतच्या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा सतत दमट असते. तेथे उघड्या पाकिटात आठवडाभर पडलेली चिप कोरडी समजून तापवणे धोक्याचे आहे.

चिपच्या पाकिटावर एमएसएल हा, चिपला ओलीपासून किती जपावे हे सांगणारा आकडा छापलेला असतो. एमएसएल १ म्हणजे काळजी नको. एमएसएल ३ म्हणजे पाकीट फोडल्यावर १६८ तासांच्या आत सोल्डर करावे, आणि हे तासही ३० अंश तापमान व ६० टक्के आर्द्रता यांच्या मर्यादेत मोजलेले आहेत. आपल्याकडच्या जुलैमध्ये आर्द्रता त्याच्या पुष्कळ वर असते, म्हणून ती मुदत पूर्ण मिळेल असे धरू नये.

उद्योगात अशा चिप १२५ अंशांना, पॅकेजची जाडी आणि एमएसएल यांनुसार, काही तासांपासून दोन दिवस किंवा त्याहून अधिक काळ भाजून कोरड्या करतात. घरी प्लेट रात्रभर चालू ठेवून झोपणे कोणालाही सुचवता येणार नाही, आणि चिपची प्लास्टिकची पट्टी किंवा रीळ १२५ अंशांना टिकतही नाही. त्यामुळे घरगुती मार्ग वेगळा ठेवावा. चिप लागतील तेवढ्याच, बंद पाकिटात मागवाव्यात. पाकीट सोल्डरच्या दिवशीच फोडावे. उरलेल्या चिप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे कार्ड यांच्यासह ठेवाव्यात. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे. पावसाळ्यात बिस्मथची पेस्ट वापरल्यास शिखर तापमान कमी राहते आणि हा धोकाही कमी होतो.

रिकामा बोर्डही ओल धरतो, पण तो कोरडा करणे सोपे आहे. प्लेटवर १०५ ते ११० अंशांना, समोर बसून, दोन तास तापवावा आणि थंड झाला की त्याच दिवशी वापरावा.

११. पेस्ट घरच्या फ्रीजमध्ये ठेवली तर चालेल का? मुदत संपलेली पेस्ट वापरावी का?

पेस्ट साधारण २ ते १० अंशांत ठेवायची असते, फ्रीझरमध्ये नाही. शिसे असलेली पेस्ट अन्नाच्या फ्रीजमध्ये नसलेलीच बरी. दुसरा पर्याय नसेल तर ती डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, असे दुहेरी बंद करून ठेवावे आणि वर मराठी व कन्नड अशा दोन्ही लिपींत ‘विषारी’ असे लिहावे, कारण आपल्या घरांत सगळ्यांना एकच लिपी वाचता येते असे नाही. बाहेर काढल्यावर झाकण न उघडता डबी तीन-चार तास खोलीत ठेवावी. थंड डबी लगेच उघडली तर दमट हवेचे पाणी पेस्टवर जमते आणि ती तापताना थेंब उडवते. मुदत संपलेली पेस्ट मऊ आणि एकजीव असेल तर सरावाच्या बोर्डावर वापरावी. दुसऱ्याला द्यायच्या बोर्डावर नको.

१२. धूर आणि शिसे यांचा धोका किती?

या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. धूर फ्लक्सचा असतो, आणि त्यातील राळेच्या धुराने दमा उद्भवू शकतो, म्हणून खिडकीजवळ बसून धूर बाहेर ओढणारा पंखा लावावा. हा पंखा हवा बाहेर काढणारा असावा, प्लेटवर वारा घालणारा नव्हे.

शिसे शरीरात जाते ते हातावाटे तोंडात. निपाणी परिसरातील काही वाचकांशी बोलताना लक्षात आले की काम करता करता तंबाखू मळण्याची सवय पुष्कळांना आहे. पेस्ट लागलेल्या बोटांनी तळहातावर मळलेली तंबाखू थेट ओठाखाली जाते. शिसे शरीरात जाण्याचा याहून सरळ रस्ता नाही. पेस्टच्या कामाला हातमोजे घालावेत, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तोपर्यंत तंबाखू, विडी, चहा यांपैकी काहीही जवळ आणू नये. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. पेस्ट पुसलेले कागद बरणीत साठवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावेत; ते चुलीत जाळू नयेत.

१३. माझ्या जुन्या घरात अर्थिंग नाही. दोन पिनांचा प्लग लावून प्लेट चालवू का?

नाही. प्लेटचा पृष्ठभाग उघड्या धातूचा आहे आणि आपण त्याच्यावर धातूचा चिमटा घेऊन काम करतो. आतील इन्सुलेशन सुटले आणि अर्थिंग नसेल तर २३० व्होल्ट हातात येतात. तिसरी पिन कापू नये. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. तोवर काम थांबवायचे नसेल तर चांगल्या अडॅप्टरवर चालणारी, कमी व्होल्टेजची लहान प्लेट वापरावी.

१४. सोल्डरिंग चालू असताना वीज गेली तर? इन्व्हर्टरवर प्लेट चालेल का?

सोल्डर वितळण्याआधी वीज गेली तर काहीही न हलवता बोर्ड थंड होऊ द्यावा. वीज आल्यावर पुन्हा तापवता येते, पण पहिल्या फेरीत फ्लक्स बराच खर्ची पडलेला असतो, म्हणून सांध्यांवर थोडा द्रव फ्लक्स सोडून मगच तापवावे. सगळे पॅड चमकून झाल्यावर वीज गेली असेल तर काळजीचे कारण नाही. अर्धेच चमकले असतील तर संपूर्ण बोर्ड पुन्हा करावा. घरगुती इन्व्हर्टर बहुधा ८५० ते ९०० व्हीएचा असतो आणि ८०० वॉटची प्लेट त्याला झेपत नाही. यूएसबी-सीवर चालणारी ६५ वॉटची छोटी प्लेट मात्र सहज चालते.

१५. रेझिस्टर एका टोकावर उभा राहतो, पाय एकमेकांना चिकटतात, बारीक गोळ्या दिसतात. प्रत्येकाचे कारण काय?

भाग उभा राहतो तेव्हा त्याचा एक पॅड दुसऱ्याच्या आधी वितळलेला असतो. दोन्ही पॅडवर पेस्ट सारखी आहे का ते पाहावे आणि १५० ते १८० अंशांचा टप्पा थोडा लांबवावा. पाय चिकटणे हे जास्त पेस्टचे लक्षण आहे. फ्लक्स लावून डिसोल्डर वायर (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) आणि आयर्न यांनी जादा सोल्डर उचलावा. गोळ्या उडण्यामागे ओली पेस्ट (प्रश्न ११) किंवा अतिवेगाने तापवणे (प्रश्न ५) असते.

१६. पोटाखाली मोठा पॅड असलेली क्यूएफएन चिप तरंगते. काय करावे?

मधल्या पॅडवर पूर्ण पेस्ट लावल्याने चिप वर उचलली जाते आणि कडेचे पाय सुटतात. मधला पॅड खिडकीच्या चौकटीप्रमाणे लहान चौकोनांत विभागून त्याच्या ५० ते ६० टक्के भागावरच पेस्ट पडेल असे स्टेन्सिल मागवावे. सोल्डर वितळलेला असताना चिपला चिमट्याने अगदी हलका धक्का द्यावा; ती आपोआप जागेवर परत आली तर सांधे नीट ओले झाले आहेत.

१७. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना भाग आहेत. दोन्ही बाजू प्लेटवर होतील का?

नाही. दुसऱ्या बाजूला भाग असले की बोर्ड प्लेटला टेकत नाही. ज्या बाजूला चिप आणि बारीक भाग जास्त आहेत ती प्लेटवर करावी आणि उरलेली हॉट एअर किंवा आयर्नने. रचना स्वतःच करत असाल तर सगळे एसएमडी भाग एकाच बाजूला ठेवावेत. प्लास्टिकचे कनेक्टर, रिले आणि साधे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शेवटी आयर्नने लावावेत.

१८. एलईडी बल्बची ॲल्युमिनियमची थाळी प्लेटवर दुरुस्त करता येते का?

होय, आणि या कामाला प्लेटसारखे साधन नाही. ॲल्युमिनियम उष्णता इतक्या वेगाने ओढून घेते की आयर्नने तेथे सोल्डर वितळणे कठीण जाते, तर प्लेटवर तीच थाळी लवकर आणि सारखी तापते. त्यामुळे तापमानाचा फरकही प्रश्न ६ मध्ये सांगितल्यापेक्षा कमी येतो. वेळ निम्मा धरून सुरुवात करावी. त्याच थाळीवर ड्रायव्हर आणि कपॅसिटर असतील तर कपॅसिटर आधी काढावा. नव्या एलईडीची दिशा तपासावी आणि गरम असताना तिच्या मऊ पिवळ्या भागावर चिमटा दाबू नये.

१९. असे बोर्ड विकायचे असतील तर शिसे चालते का?

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या यादीतील उपकरणांच्या उत्पादकांसाठी शिशाची मर्यादा, काही अपवाद वगळता, वजनाने ०.१ टक्का आहे. छंदासाठी किंवा दुरुस्तीसाठी काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पण माल विकायचा विचार असेल तर पहिल्यापासून एसएसी ३०५ वर हात बसवावा आणि भागही शिसेविरहित घ्यावेत.

२०. जुन्या बोर्डावर बिस्मथच्या पेस्टने चिप लावली. टेबलावर चालते, पण बोर्ड गरम झाला की चिप सुटते. असे का?

जुन्या पॅडवर शिसे असलेला सोल्डर शिल्लक राहिला असावा. कथील, शिसे आणि बिस्मथ एकत्र आले की सुमारे ९६ अंशांनाच वितळणारे मिश्रण तयार होऊ शकते. पंपाच्या पेटीत, उन्हात, रेग्युलेटरच्या शेजारी तेवढी उष्णता सहज येते आणि सांधा मऊ पडतो. दुरुस्तीत बिस्मथ वापरायचेच असेल तर डिसोल्डर वायरने सर्व पॅड कोरडे करावेत, ताजा शिसेविरहित सोल्डर लावून तोही एकदा उचलून घ्यावा, आयपीएने पुसावे आणि मगच पेस्ट लावावी. बोर्डावर आधी कोणता सोल्डर होता याची खात्री नसेल तर बिस्मथच्या वाटेला न जाता शिसे असलेलीच पेस्ट वापरावी.